बटाट्याची फुलं आणि ती हिरवी फळं: कोणी मुद्दाम वाढवलंय का?

रातराणी

टोपलीच्या तळाशी विसरलेल्या एका लालसर बटाट्याला कोंब आले होते. टाकवेना, म्हणून रिकाम्या कुंडीत खुपसून दिला. हेतू वगैरे काही नव्हता. दोन महिन्यांनी बघते तर शेंड्यावर फुलांचा घोस! फिकट जांभळ्या पाकळ्या आणि मधोमध पिवळाधमक टोकदार सुळका. इतकी वर्षं बटाटा म्हटलं की डोळ्यांसमोर पोतंच यायचं. त्याला फूल येत असेल असा विचारही कधी मनात आला नव्हता.

आता जो येतो तो सांगतो, "खुडून टाक ती फुलं, नाहीतर खाली बटाटे पोसणार नाहीत." अहो, पण मला बटाटे नकोच आहेत! मला फुलं हवी आहेत.

त्यात भर म्हणजे याच घोसात दोन हिरव्या गोट्या धरल्यात, कच्च्या टोमॅटोसारख्या. आत बी असणार ना? पेरलं तर उगवेल का? आणि शेजारच्या कुंडीतल्या बटाट्याच्या कळ्या मात्र उमलायच्या आत गळतात, ते कशाने?

थोडक्यात, बटाटा निव्वळ फुलांसाठी आणि बियांसाठी वाढवणारं अजून कोणी आहे, की मीच एकटी वेडी?

भोचक_भवानी

गजऱ्यात माळून बघा आणि विचारणाऱ्याला सांगा, "बटाटा आहे." समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होईल.

खुरपं

एकट्या नसाल, पण वेड्या आहात. (हलके घ्या.)

मी बारा वर्षं बटाटा लावला. फूल दिसलं की हात आपोआप खुडायला जातो. झाडाची कमाई ठरलेली, वर उधळली की खाली कमी पडणार. सरळ हिशेब आहे. फुलंच हवीत तर शेवंती लावा, जास्वंद लावा. बटाट्याला बटाट्याचं काम करू द्या.

परागकण

खुरपंदादा, हिशेब अर्धा बरोबर आहे. नुसत्या फुलांचा खर्च झाडाला जाणवण्याइतका नसतो. खर्च येतो तो फळांचा. एकेका फळात शंभर, दोनशे, कधी त्याहून जास्त बिया पोसायच्या असतात. घोसच्या घोस फळं धरणारं वाण असेल तर कंदांच्या वाट्याचं थोडं वर जातं. दोन गोट्यांनी काही बिघडत नाही.

अजून एक. फूल आलं तरच खाली बटाटे धरतात, हा समजही चुकीचा आहे. कंद धरतो तो जमिनीखाली आडव्या धावणाऱ्या फांदीच्या टोकाला. म्हणजे बटाटा हे मूळ नव्हे, फुगलेलं खोड आहे, म्हणून तर त्याला डोळे असतात. बऱ्याच वाणांत फुलं येणं आणि कंद धरणं एकाच सुमारास होतं, एवढाच काय तो संबंध. एकही फूल न येता कुंडी भरून बटाटे निघू शकतात.

रातराणी ताई, आधी सांगायला हवं होतं ते आता सांगतो: ती फळं विषारी आहेत. सोलॅनिन आणि त्याची भावंडं त्यात भरपूर असतात. दिसायला टोमॅटो, कुळही एकच, पण चव घेऊन बघायची नाही.

मातीचेहात

परागकण यांच्या शेवटच्या परिच्छेदाला हजारदा अनुमोदन. माझा भाचा तेव्हा पाच वर्षांचा होता. बागेतून खिसे भरून आला, "मामी, छोटे टोमॅटो!" मी खिसे उलटे केले तर सात हिरवी फळं, त्यातलं एक चावलेलं. त्याचे पुढचे दोन दात नुकतेच पडले होते, त्यामुळे फळावर दोन बाजूंना दातांच्या खुणा आणि मधे कोरी पट्टी. ती पट्टी मला अजून दिसते.

कडू लागलं म्हणून थुंकला म्हणे. किती थुंकला, किती गिळला, कोण सांगणार? तोंड धुवायला लावलं, डॉक्टरांना फोन केला, चावलेलं फळ डबीत घालून सोबत नेलं. रात्री दोनदा उलटी झाली, सकाळी पठ्ठ्या उड्या मारत होता. माझी मात्र झोप उडाली ती उडालीच.

तेव्हापासून लहान मूल किंवा कुत्रं-मांजर घरात येणार असेल तर फळं जाळीत बांधलेली असतात, किंवा नसतातच.

उंटावरचा_शहाणा

शिजवली तर? उकळून पाणी टाकून दिलं तर?

परागकण

नाही. हे विष उकळून जात नाही. उजेडात राहून हिरव्या पडलेल्या बटाट्याबद्दल सांगतात तेच इथेही. आणि पिकलेल्या फळाला गोडसर वास सुटतो, अगदी खावंसं वाटावं असा. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.

रातराणी

बाप रे. आत्ताच जाऊन दोन्ही फळांना जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्याची पुरचुंडी बांधली. धन्यवाद सगळ्यांना, मातीचेहात ताईंना जरा जास्त.

पण कळ्या का गळतात ते कोणी सांगितलंच नाही.

परागकण

कारणं बरीच आहेत. जरा लांबण लावतो.

पहिलं, दिवसाची लांबी आणि हवा. लांब दिवस आणि थंड हवा एकत्र मिळाली की बटाटा मनापासून फुलतो. साधारण १५ ते २० अंश तापमान त्याला मानवतं. दिवस लहान असले की कळ्या धरतात आणि उमलायच्या आधीच देठातल्या सांध्यापाशी तुटून पडतात. उकाडा झाला तरी तेच. भारतातल्या कितीतरी वाणांच्या नावाआधी 'कुफरी' लागतं, ते शिमल्याजवळचं ठिकाण. पैदाशीसाठी संकर करायचे तर झाड फुलायला हवं. मैदानात बटाटा लावतात तेव्हा दिवस लहान, फुलं धड येत नाहीत. डोंगरावर उन्हाळ्यात लांब दिवस आणि गारवा दोन्ही मिळतं.

दुसरं, वाण. काही वाणं फुलतच नाहीत, काही फुलतात पण पराग वांझ. 'किंग एडवर्ड' हे जुनं इंग्रजी वाण घ्या. फुलतं छान, पण त्याचा पराग कामाचा नाही. वर्षानुवर्षं माणसाने कंदाकडे बघून निवड केली, फुलाफळाकडे कोणी बघितलंच नाही. मग झाडानेही तो नाद सोडला.

तिसरं, पाहुणे. बटाट्याच्या फुलात मध नसतो. मधमाशी येते, हुंगते, निघून जाते. त्यातून परागही सहज हाती लागत नाही. तो पिवळा सुळका म्हणजे एकमेकांना चिकटून उभे असलेले पाच परागकोश, आणि प्रत्येकाच्या टोकाला बारीक भोक. मिठाची बाटलीच म्हणा ना, हलवल्याशिवाय काही पडत नाही. ती हलवायची तर फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवणारा कीटक हवा. मोठे केसाळ भुंगे ते करतात, साधी मधमाशी करत नाही.

फूल स्वतःच्या परागानेही फळ धरतं, त्यामुळे एकच झाड असलं तरी आशा सोडायची नाही.

अर्धवट

"मिठाची बाटली" वाचून राहवेना, म्हणून लिहितो.

मी बायकोच्या विजेच्या टूथब्रशने बटाट्याचं परागीकरण केलेलं आहे. सकाळी फूल पूर्ण उमलल्यावर ब्रशची मागची बाजू फुलाच्या देठाला टेकवायची आणि बटण दाबायचं. खाली काळा कागद धरला तर त्यावर पिवळसर धूळ पडलेली स्पष्ट दिसते. ती बोटाने सुळक्याच्या टोकातून डोकावणाऱ्या हिरव्या ठिपक्याला लावायची. अकरा फुलांवर प्रयोग केला, तीन फळं धरली.

बायकोने विचारलं, "ब्रशला पिवळं काय लागलंय?" त्यानंतर जे झालं ते या धाग्याच्या विषयात बसत नाही.

भोचक_भवानी

बसतं, बसतं. लिहा.

अर्धवट

नवीन ब्रश आणला. जुना आता बटाट्याचा.

पण खरी गंमत पुढच्याच आठवड्यात झाली. एक काळा ढब्बू भुंगा आला, फुलाला चक्क मिठी मारून लटकला आणि त्याचा आवाज बदलला. उडतानाचा जाड घूंऽऽ होता, तो एकदम वरच्या पट्टीत गेला, झीऽऽ. दोन सेकंद झीऽऽ, थांबला, परत झीऽऽ. पोटाखाली पिवळी भुकटी. माझ्या ब्रशला पंधरा मिनिटं लागायची, त्याने तेच काम वीस सेकंदांत उरकलं.

खुरपं

हे मात्र मी पाहिलंय. आवाज बदलतो. वाटायचं, भुंगा चिडलाय.

तरी मूळ मुद्दा राहतोच. समजा फळ धरलं, बी निघालं. पुढे काय? बटाटा बेण्यापासून लावतात. डोळा असलेली फोड लावली की काम झालं. बियाचा खटाटोप कशाला?

दुर्बीण

खुरपंकाका, त्या खटाटोपातूनच बटाट्याचा सगळ्यात गाजलेला किस्सा घडलाय.

१८७२ साल, अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स. ल्यूथर बरबँक, वय तेवीस, छोटी बाग. 'अर्ली रोज' नावाच्या बटाट्याला सहसा फळ धरत नसे, पण त्याच्या वाफ्यात एका झाडाला एकच फळ धरलं. हा रोज जाऊन बघायचा. एके दिवशी जातो तर फळ गायब! बहुधा कुत्र्याचा किंवा पाखराचा धक्का लागून पडलं असावं. पठ्ठ्याने दिवसामागून दिवस त्या वाफ्यात चाचपत काढले आणि शेवटी ते काही फुटांवर सापडलं. आत तेवीस बिया. तेवीस झाडं आली, प्रत्येकाचा बटाटा निराळा. त्यातलं एक इतकं सरस निघालं की १८७५ मध्ये त्याने त्याचे हक्क एका बियाणेवाल्याला १५० डॉलरना विकले आणि स्वतःपुरते दहा बटाटे घेऊन कॅलिफोर्निया गाठलं. पुढे त्याच वाणाच्या खडबडीत तपकिरी सालीच्या भावंडाला 'रसेट बरबँक' म्हणू लागले, आणि ते अमेरिकेत घरोघरी पोचलं.

आणि भवानीताई, तुमचा गजरा नवा नाही. फ्रान्सच्या सोळाव्या लुईच्या दरबारात पार्मांत्ये नावाचा औषधशास्त्री बटाट्याचा प्रचार करत होता. त्याने राजाला फुलांचा गुच्छ दिला, राजाने एक फूल कोटाला लावलं आणि राणी मारी आंत्वानेतने केसांत माळलं, असं सांगतात. लोक बटाट्याला नाकं मुरडत होते, तेव्हा दरबाराने फुलाची फॅशन केली.

भोचक_भवानी

पुढे त्या राणीचं काय झालं ते बघता मी गजऱ्याचा सल्ला मागे घेते.

उंटावरचा_शहाणा

तेवीस बिया एकाच फळातल्या, आई एकच, मग तेवीस तऱ्हा कशा? खाण तशी माती, असं आपण म्हणतो.

परागकण

इथे खाण एकच, माती तेवीस तऱ्हेची. आपल्या बटाट्यात गुणसूत्रांचे चार संच असतात, बारा चोक अठ्ठेचाळीस. माणसात दोन. प्रत्येक बी होताना चार संचांतून निम्मं निम्मं उचललं जातं, त्यामुळे पत्ते पिसल्यासारखं होतं. दुसऱ्या झाडाचा पराग नसला, अगदी स्वतःच्याच परागाने फळ धरलं, तरी पिल्लं आईसारखी निघत नाहीत. उलट तशा बियांची झाडं बरेचदा अशक्त निघतात.

बेणं लावलं की मिळते आईची हुबेहूब नक्कल. आवडतं वाण टिकवायचं असेल तर बेणंच हवं. बी लावायचं ते "बघू तरी काय निघतंय" म्हणून. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, याची तयारी हवी.

विटकर

बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज नावाला जागतो. रातराणी ताईंना फुलंच हवी असतील तर विटेची युक्ती करून बघा.

कुंडीच्या मधोमध वीट ठेवायची. तिच्यावर कोंब आलेला बटाटा, त्यावर मातीचा ढीग. झाडाची मुळं विटेच्या कडांवरून खालच्या मातीत उतरतात. झाड वीतभर झालं की वरची माती पाण्याच्या बारीक धारेने हळूहळू धुऊन काढायची. मुळं विटेला मिठी मारून खाली गेलेली दिसतात, आणि वर उघड्यावर आडव्या पांढऱ्या फांद्या. बटाटे धरतात ते यांच्याच टोकाला. त्या दिसतील तशा खुडायच्या. कंदाचा रस्ताच बंद झाला की झाडाची कमाई वर जाते. कळ्या कमी गळतात, फळं जास्त धरतात.

पैदास करणारे हे फार पूर्वीपासून करतात. थॉमस अँड्र्यू नाइट हा इंग्रज बागायतदार एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच, न फुलणाऱ्या लवकरच्या वाणांचे कोवळे कंद काढून टाकून त्यांना फुलायला लावायचा.

एकच सावधगिरी: माती धुताना घाई केली तर मूळ आणि फांदी यातला फरक कळत नाही. माझं पहिलं झाड मी मुळासकट खुडून मोकळा झालो.

भोचक_भवानी

विटेवर उभा बटाटा! कर कटावर ठेवायला हात तेवढे नाहीत.

खुरपं

बटाट्याच्या झाडाचे बटाटे खुडून फुलं वाढवायची. मी हे वाचलंच नाही असं समजतो.

अर्धवट

कलमाचाही मार्ग आहे. टोमॅटोच्या खुंटावर बटाट्याचा शेंडा पाचर कलमाने बांधायचा. टोमॅटोच्या मुळाला कंद धरत नाहीत, म्हणून वरचा बटाटा फुलत सुटतो. पैदास केंद्रांत हे सर्रास चालतं.

मी बांधलं, फडकं गुंडाळलं, सावलीत ठेवलं, आठ दिवसांत जीव धरला. मग महिनाभर वाट पाहिली आणि भरगच्च टोमॅटो आले. मी उलटं बांधलं होतं.

मातीचेहात

:हसून हसून पुरेवाट:

निदान ते टोमॅटो खाण्यासारखे होते. तुम्ही म्हणता तसं सुलट बांधलं असतं तर वर येणारी फळं बटाट्याचीच, म्हणजे विषारीच. खुंट टोमॅटोचा म्हणून फळ गोड होत नाही, हे नवख्यांसाठी लिहून ठेवते.

रातराणी, आता बी काढायचं सांगते. माझी ही पाचवी खेप.

फळ हाताला मऊ लागेपर्यंत झाडावरच राहू दे. धरल्यापासून दीड-दोन महिने लागतात. रंगावर जाऊ नकोस, बरीच फळं पिकली तरी हिरवीच राहतात, फार तर फिकटतात. पुरचुंडी आहेच, त्यामुळे गळलं तरी बरबँकसारखं रांगावं लागणार नाही. गळल्यावर आठवडा-दोन आठवडे घरात, कोणाचा हात पुरणार नाही अशा जागी ठेव. मग चिरून गर पाण्यात कोळायचा आणि वाटी दोन दिवस झाकून ठेवायची. फेस येतो, आंबूस वास सुटतो, बियांभोवतीचा बुळबुळीत थर सुटतो. वरचं पाणी ओतत गेलं की भरीव बी तळाशी उरतं, पोचट बी पाण्याबरोबर जातं. गाळणी वेगळीच ठेव, स्वयंपाकाची वापरू नकोस. बी कागदावर वाळवू नकोस, असं चिकटतं की नखाने सुटत नाही. चिनी मातीची बशी उत्तम.

बी बघून मात्र हिरमुसू नकोस. टोमॅटोच्या बीपेक्षाही बारीक. एका ग्रॅमात दीड हजाराच्या आसपास मावतात. शिंक आली तर तोंड फिरव, मी एक अख्खी बशी अशी घालवली आहे.

लगेच पेरलंस तर बहुतेक उगवणार नाही. ताजं बी काही महिने झोपलेलं असतं. घाई असलेले लोक जिब्रेलिक ॲसिड या वाढीच्या संप्रेरकाच्या १५०० पीपीएम (दहा लाख भागांत दीड हजार) द्रावणात चोवीस तास भिजवून त्याला जागं करतात. मी सहा महिने डबीत ठेवते आणि विसरते, तेही चालतं.

खुरपं

बी आणि रोग याबद्दल कोणी बोलत नाही. बेण्यातून रोग येतात म्हणून आम्ही दर दोन-तीन वर्षांनी बेणं बदलायचो. बियातून नाही येत?

परागकण

चांगला मुद्दा काढलात. बियाचा सगळ्यात मोठा फायदा तोच. मावा जे विषाणू पसरवतो, पानं गुंडाळणारा किंवा पिवळं करणारा, ते खऱ्या बियातून जवळपास येतच नाहीत. मोजके अपवाद आहेत. त्यातला वाईट म्हणजे कंद चातीसारखा निमुळता करणारा विषाणूसदृश जंतू, तो बियातून आणि परागातूनही जातो. म्हणून रोगट, खुरटलेल्या झाडाचं बी धरायचं नाही.

वजनाचा फायदा तर डोळे विस्फारणारा आहे. एक हेक्टर लावायला बेणं लागतं दोन-अडीच टन. बी लागतं शे-सव्वाशे ग्रॅम.

खुरपं

किती??

परागकण

बरोबर वाचलंत. ग्रॅम. पेरू देशातल्या लिमा शहरात १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र सुरू झालं आणि त्या दशकापासून तिथे यावर बरंच काम झालं. सर्वत्र पसरलं नाही, कारण रोपं नाजूक, लावणीला मजूर जास्त आणि माल एकसारखा निघत नाही. आता दोनच संचांच्या, चोवीस गुणसूत्रांच्या बटाट्यातून सरळ वाण बांधून एकसारखं संकरित बी करण्याचे प्रयत्न जोरात आहेत.



भोचक_भवानी

बटाट्याच्या धाग्यात पेरू. आता फक्त रताळं यायचं राहिलं.

दुर्बीण

आणतोच. 'बटाटा' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला आणि त्यांचा 'बटाटा' मुळात रताळ्याचा! कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा रताळ्यासाठीचा शब्द, तो पुढे या गड्याला चिकटला. कूळ मात्र निराळं. रताळं फुललं तर गारवेलीसारखं भोंग्याचं फूल येतं, कारण ते त्याच घराण्यातलं.

विटकर

अजून एक इशारा. फळं मातीत पडून कुजू देऊ नका. त्यातलं बी वर्षानुवर्षं मातीत जिवंत राहतं आणि नको तिथे उगवत राहतं. माझ्या एका वाफ्यात चौथ्या वर्षीही रोपं येतायत, मी फळ एकदाच पडू दिलं होतं.

रातराणी

*(वर्षभराने)*

धागा वर काढतेय, कारण हिशेब द्यायचा राहिलाय.

दोन फळांतून १३८ बिया निघाल्या. हो, मोजल्या, ओल्या काडीच्या टोकाने, एकेक. सहा महिने डबीत ठेवल्या. मग त्यातल्या साठ कोकोपीटवर पसरून वर अगदी चिमूटभर भुरभुरवलं आणि गार जागी ठेवल्या. आठ दिवस काहीच नाही. नवव्या दिवशी चष्मा लावून बघितलं तेव्हा केसाएवढ्या दांड्या दिसल्या, प्रत्येकीला दोन इवली पानं. एकेचाळीस उगवल्या. पहिल्या फवारणीत मी पाण्याचा जोर चुकवला आणि नऊ तिथेच आडव्या झाल्या. बाकीच्यांना महिन्याभराने छोट्या कुंड्यांत हलवलं. अशक्त निघतील असं परागकण म्हणाले होते, तशी काही निघालीच, पण तीसेक तगली.

आता मुख्य गोष्ट. आईची फुलं जांभळी होती. तेरा लेकरं आतापर्यंत फुलली, त्यातल्या चौघांची फुलं पांढरीशुभ्र. एकाच्या पाकळ्या जांभळ्या आणि टोकं पांढरी, जशी कोणी चुन्यात बुडवून काढावीत. मी सकाळचा चहा हल्ली त्या कुंडीसमोरच घेते.

ज्यांची पानं वाळली त्या चार कुंड्या उपसल्या. बटाटे गोटीएवढे, मोठ्यात मोठा लिंबाएवढा. दोन कुंड्यांतले आईसारखे लालसर, बाकीच्या दोन्हीतले फिकट पिवळट, एक लांबट आणि वाकडा. लागवडीला ठेवलेत.

आणि खुरपंदादा, आईच्या कुंडीत, फुलं न खुडता, फळं धरू देऊन, शेवटी अकरा बटाटे निघाले.

मातीचेहात

चुन्यात बुडवलेल्या टोकांचा फोटो टाक ना!

परागकण

सुरेख! त्या झाडाचे कंद वेगळे बांधून नाव घालून ठेवा. ते फूल पुन्हा हवं असेल तर बी नाही, तेच कंद लावायचे.

खुरपं

अकरा ठीक आहेत. खुडली असती तर बारा निघाले असते.

बाकी, त्या पांढऱ्या टोकांच्या फुलाला फळ धरलं तर चिमूटभर बी बाजूला ठेवा. एका मित्राला हवंय.

भोचक_भवानी

मित्राला म्हणे.

विटकर

खुरपंदादा, मित्राला वीट लागली तर सांगा.